डावी खिडकी

माघ लागला की आमच्या इमारतीतल्या आंब्याला मोहोर येतो आणि आमच्या गाडीला चिकटा. मोहोराचं कौतुक करायला सगळी इमारत गॅलरीत येते. लोक लांब श्वास घेतात, "अहाहा" म्हणतात, फोटो काढून नातेवाइकांना पाठवतात. चिकट्याला फक्त आम्ही दोघं. झाडाखालची जागा आमच्या वाट्याला आलेली आहे. ती बदलून हवी असेल तर सभा बोलवावी लागते, आणि आमच्या इमारतीतली सभा बघितलेल्या माणसाला चिकटा परवडतो.

आज सकाळी खाली गेले तर बॉनेटवर पुन्हा थेंब दिसले. मोहरीएवढे, उन्हाकडे तिरकं बघितल्याशिवाय न दिसणारे. बोट लावलं तर बोट चिकटलं. वर मोहोराचा तो गोडसर, जरा कडवट, डोकं जड करणारा वास. चार वर्षांपूर्वीचा माघ आठवला आणि नंतरचा चहा काही गोड लागला नाही.

खरं तर हा झाडाचा चीक नव्हेच, असं ह्यांचं मत. हे म्हणजे माझे यजमान, श्रीकांत. सगळी नोकरी एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात झाली, त्यामुळे कुठलीही गोष्ट मोघम सांगितलेली त्यांना चालत नाही. मोहोरावर तुडतुडे बसतात, ते झाडाचा रस पितात, पचत नाही तेवढा खाली सोडतात आणि तो आपल्या टपावर पडतो. "म्हणजे रस झाडाचाच, फक्त व्हाया तुडतुडा," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला समजावून सांगायचे. पुढे चैत्रात कैऱ्या उतरवताना देठातून गळतो तो खरा चीक. तो रंग जाळतो. तुडतुड्याचा चिकटा बिचारा नुसता चिकटतो, पण दोन दिवस उन्हात तापला की असा बसतो की गाडीला कातडीच आली म्हणावं.

तो काढण्याचं एक शास्त्र होतं आणि ते ह्यांनी स्वतः तयार केलं होतं. कोरड्या फडक्याने पुसायचं नाही, कारण चिकट्यात धूळ अडकलेली असते आणि ती रंगावर ओरखडे काढते. नखाने खरवडायचं तर मुळीच नाही. जुन्या बनियनचा तुकडा कोमट पाण्यात भिजवून थेंबावर ठेवायचा आणि थेंब मऊ होईपर्यंत गप्प उभं राहायचं. ही गप्प उभं राहण्याची पायरी लोक गाळतात, म्हणून लोकांच्या गाड्या खराब होतात, असं ह्यांचं म्हणणं. मग खोबरेल तेल, बोटाने, एकाच दिशेला. मग साबणाचं पाणी, मग साधं पाणी, मग कोरडं फडकं. फणस चिरताना हाताला तेल लावतात, तेच तत्त्व. पण माघातल्या थंडीत खोबरेल थिजलेलं असतं. म्हणून हे तेलाची बाटली काखेत धरून जिने उतरायचे. समोरून येणाऱ्याला वाटावं, ताप मोजतायत.

पहिल्या मजल्यावरच्या कुंदाताई त्या वेळी गॅलरीत पेपर वाचत बसलेल्या असायच्या. पेपर नावाला, लक्ष खाली.

"श्रीकांतराव, रॉकेल लावा की. एका मिनिटात जाईल."

"चिकटा जाईल की रंग?"

"दोन्ही. परत पुसायची कटकट नको."

हे हसायचे आणि मान जराशी वाकडी करून पुढचा थेंब शोधायचे. ती वाकडी मान बघून नवख्या माणसाला वाटलं असतं, किती बारकाईने बघतात. खरं कारण वेगळं होतं आणि ते त्या वेळी इमारतीत फक्त मला माहीत होतं.

त्या माघाच्या आधीच्या दिवाळीत, भर गर्दीत गाडी चालवताना, बाजूने आलेली एक स्कूटर ह्यांना दिसली नव्हती. कोणाला लागलं नाही. स्कूटरवाल्याने दोन शब्द सुनावले, ह्यांनी ऐकून घेतले, आणि ते ऐकून घेणंच मला विचित्र वाटलं. चूक नसताना हे ऐकून घेत नाहीत, आणि चूक असतानाही क्वचितच घेतात. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, काचबिंदू, बराच पुढे गेलेला. समोरचं दिसतं, कडेचं जातं. गेलेलं परत येत नाही, राहिलेलं जपायचं. आणि गाडी चालवणं आजपासून बंद.

म्हणून मान वाकडी. बॉनेटवरचा मोहरीएवढा थेंब ह्यांना माझ्याआधी दिसायचा, आणि शेजारी येऊन उभी राहिलेली अख्खी मी दिसायचे नाही. मी खाकरून मग बोलायला सुरुवात करायची. नाहीतर ते दचकायचे आणि दचकल्याचं लपवायला चिडायचे.

मुलगी बंगळुरूहून फोनवर म्हणाली, "बाबा, विकून टाका ना आता. कॅब आहेत की." ह्यांनी "बघू" म्हणून फोन ठेवला आणि त्या दिवशी गाडी दोनदा धुतली. ते बघून मी मोटार ड्रायव्हिंग क्लासला नाव घातलं. माझ्या गुडघ्याने स्कूटरला आधीच नकार दिला होता आणि माझी ग्रंथालयातली नोकरी येरवड्याला, तेव्हा कारण तयार होतं. पण खरं सांगायचं तर मी गाडी शिकले ती ह्यांची गाडी घरात राहावी म्हणून. साठीकडे झुकलेली बाई क्लच सोडताना दोन्ही डोळे मिटते हे बघून क्लासचे सर पहिल्या दिवशी देवाचं नाव घेत होते. शिकले मात्र. ह्यांनी त्या सबंध काळात एकदाही विचारलं नाही की कुठपर्यंत आलं. गाडीत पेट्रोल तेवढं सरांना बरोबर नेऊन भरून आणायला सांगायचे.

लायसन्स हातात आलं ते मोहोराच्याच दिवसांत. पहिल्यांदा गाडी घेऊन कामाला निघाले ती सकाळ मला अजून जशीच्या तशी दिसते. खाली आले तर पुढची काच अशी स्वच्छ की आहे की नाही कळू नये. मागची तशीच, उजवीकडची तशीच, आरसे लखलखीत. डावीकडची काच मात्र चिकट्याच्या ठिपक्यांनी भरलेली. नाही म्हणायला तिचा पुढचा वीतभर कोपरा पुसलेला होता, माझ्या जागेवरून डावा आरसा दिसावा एवढाच.

"ही राहिली वाटतं," मी म्हणाले.

"राहिली नाही, ठेवली. तिथून कोण बघणार आहे?"

"तुम्ही."

"मी रिक्षाने जातो जिथे जायचंय तिथे."

एवढं बोलून ह्यांनी किल्ली माझ्या हातात दिली आणि बादली उचलून वर गेले. मी येरवड्यापर्यंत रडत गेले असं लिहिलं तर शोभेल, पण नवशिक्या ड्रायव्हरला रडायला सवड नसते. पुलावर मागचे हॉर्न वाजवत होते. माझं सगळं लक्ष गिअरमध्ये होतं.

लोकांना वाटेल, एवढं काय त्या डाव्या जागेचं. तर त्यालाही कारण आहे. एक रस्ता आहे, पुण्यापासून दोन-अडीच तासांवर, धरणाच्या पाण्याच्या कडेकडेने जाणारा. नाव सांगत नाही, नाहीतर पुढच्या रविवारी तिथे भाजलेली कणसं आणि सेल्फीवाले पोचतील. लग्न झाल्यापासून आम्ही तिथे जातोय. आधी स्कूटरवर, मग पहिल्या जुन्या गाडीतून, मग ह्या निळ्या गाडीतून. जाताना पाणी डावीकडे येतं. वळणं घेत घेत रस्ता चढतो आणि पाणी खाली खाली जात पसरत जातं. मध्ये बुडालेल्या टेकड्यांचे माथे. कधी एखादी होडी, तिच्यामागे पाण्यावर उमटलेली बारीक रेघ. फाल्गुनात पाणी उतरतं आणि काठावर मातीच्या पायऱ्या पडतात, कोणी मुद्दाम खणल्यासारख्या. हे सगळं मी पाहिलेलं आहे, कारण मी डावीकडे बसत होते. ह्यांनी पाहिलेलं नाही. ह्यांनी डांबर पाहिलं, पुढचा ट्रक पाहिला, वळणावरचा पांढरा दगड पाहिला. मी "बघा तरी" म्हणायचे आणि ह्यांची नजर रस्त्यावरून हलायची नाही. उत्तम ड्रायव्हर होते, हे मान्यच करायला हवं. थांबून बघू म्हटलं तर म्हणायचे, उभ्या गाडीतून बघण्यात मजा नाही, तसं बघायचं तर घरी कॅलेंडर आहे.

त्यामुळे मी गाडी शिकताना मनात एक बेत होता आणि तो मी ह्यांना पहिल्याच आठवड्यात सांगून टाकला. "मी चालवीन, तुम्ही डावीकडे बसा, आणि समोरचं दिसतंय तोवर एकदा ते पाणी बघून घ्या. मान वळवली की समोरच येईल ते." डॉक्टर काय म्हणालेत ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. किती दिवस आहेत ते कोणालाच माहीत नव्हतं.

हे म्हणाले, "बघू."

ह्यांच्या "बघू"चा अर्थ चाळीस वर्षांच्या संसारात मला पाठ आहे. कधी म्हणायचे, डावीकडे बसलं की पाय ब्रेक शोधतो. कधी म्हणायचे, तू अजून नवीन आहेस, घाटात नको. दोन्ही खरं असेल. पण त्याच्या तळाशी दुसरंच होतं. इमारतीने, पेठेने, नातेवाइकांनी ह्यांना कायम उजवीकडे बसलेलं बघितलं होतं. बायको चालवतेय आणि हे शेजारी बसलेत, हे दिसलं की लोक विचारणार, आणि विचारलं की डोळ्यांचं सांगावं लागणार. म्हणून हे रोज सकाळी, सगळ्यांच्या देखत, फडकं घेऊन गाडीशी उभे. गाडी माझीच आहे, मीच बघतो तिचं, हे सांगायला ती अख्खी तासाभराची पूजा. मला त्या गोष्टीची कीव यायची आणि रागही यायचा. कीव आता उरलेली नाही. राग अजून येतो.

त्याच महिन्यात भाच्याचं लग्न होतं. मी साडी नेसून किल्ली घेतली आणि म्हटलं, चला. हे म्हणाले, तू हो पुढे. आणि खरोखर, एकाच घरातून, एकाच वेळी, एकाच लग्नाला आम्ही दोन वाहनांनी गेलो. मी गाडीने, हे रिक्षाने. सिग्नलला रिक्षा माझ्या शेजारी येऊन थांबली. मी काच खाली करून हाक मारली, "अहो!" ह्यांनी ऐकलं नाही, किंवा ऐकलं आणि समोर बघत राहिले. रिक्षावाल्याने मात्र वळून बघितलं, मला, मग ह्यांना, आणि भांडण झालेलं दिसतंय अशा चेहऱ्याने गिअर टाकला. कसब्यातल्या बोळांतून त्याने ह्यांना माझ्याआधी पोचवलं. मी कार्यालयाबाहेर तिसरी चक्कर मारत असताना हे दारात उभे राहून पाहुण्यांशी बोलत होते, आणि मी पोचल्यावर सगळ्यांसमोर विचारतात कसे, "काय, मिळालं का पार्किंग?"

मी हसले. सगळे हसले. घरी येऊन मात्र मी भांडले.

त्या भांडणाचा उपयोग झाला असावा. फाल्गुन संपत आला होता. मोहोर गळून अंगणात त्याचा तपकिरी कचरा झाला होता आणि झाडावर कैऱ्यांचे मणी दिसायला लागले होते. एका शनिवारी हे आपण होऊन म्हणाले, "उद्या जाऊ. लवकर निघू, उन्हाच्या आत." मी रात्रीच पोळ्या करून ठेवल्या. बटाट्याची भाजी, दही, पाण्याच्या बाटल्या. सकाळी खाली आले तर डावीकडची काच पुसलेली होती. सगळी, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, आतून आणि बाहेरून. त्या काचेकडे बघून मला काय वाटलं ते मी तेव्हा बोलले नाही, आता लिहिते. मला वाटलं, जिंकलो आपण.

मी गाडीत बसले, सुरू केली. हे जिना उतरून आले. इस्त्रीचा शर्ट, हातात टोपी. नेमकं त्याच दिवशी टाकी धुवायला माणसं आलेली होती, आणि त्यांच्यावर देखरेख करायला कुंदाताई आणि आणखी चारपाच मंडळी अंगणात जमलेली. सगळ्यांनी आधी ह्यांच्याकडे बघितलं, मग उजवीकडे बसलेल्या माझ्याकडे. कोणी काही बोललं नाही. कुंदाताईसुद्धा नाहीत. हे गाडीच्या डाव्या दारापर्यंत आले, क्षणभर थांबले, आणि तसेच पुढे चालत फाटकाबाहेर गेले.

जाताना म्हणाले, "दूध घेऊन येतो."

मी इंजिन सुरू ठेवून बसून राहिले. मग बंद केलं. बऱ्याच वेळाने हे दुधाची पिशवी घेऊन आले आणि थेट जिना चढून वर गेले. घरात सकाळीच आलेलं लिटरभर दूध होतं. पोळ्याभाजी आम्ही जेवणाच्या टेबलावर बसून खाल्ली. नाशिवंत दूध म्हणून मी संध्याकाळी खरवसासारखं काहीतरी करायला घेतलं, तेही फसलं.

पुढच्या वर्षी मोहोर आला तेव्हा ह्यांची मान आणखी वाकडी झाली होती. त्यानंतरच्या वर्षी थेंब दिसेनासे झाले. इमारतीला आता सगळं माहीत आहे. ज्या प्रश्नांची ह्यांनी एवढी धास्ती घेतली होती ते प्रश्न कोणी विचारलेच नाहीत. कुंदाताई एकदा मला म्हणाल्या, "अगं, मला तर त्या दिवाळीतच कळलं होतं. जिन्यात माझ्याशी धडकून 'माफ करा' म्हणाले. श्रीकांतराव आणि माफ करा!" म्हणजे ज्यांच्यापासून लपवायचं म्हणून ते दुधाला गेले, त्यांना आधीपासून ठाऊक होतं. हे मी ह्यांना सांगितलेलं नाही. सांगणारही नाही.

आता चिकटा मी काढते. हे खुर्ची टाकून झाडाखाली बसतात. माझं झालं की उठतात आणि बॉनेटवरून तळवा फिरवतात. ह्यांच्या तळव्याला मला न दिसलेला थेंब लागतो. "इथे राहिलाय," म्हणतात, आणि मी बनियनचा ओला तुकडा पुन्हा तिथे ठेवते. मग आम्ही दोघं गप्प उभे राहतो, ती पायरी गाळायची नसते म्हणून. अशाच एका गप्प उभं राहण्यात, मागच्या आठवड्यात, हे म्हणाले, "त्या दिवशी बसायला हवं होतं गं मी."

कुठला दिवस, ते मी विचारलं नाही.

"आता जाऊ या?" मी म्हटलं.

"आता काय बघणार?" असं म्हणतील वाटलं होतं. म्हणाले नाहीत. म्हणाले, "जाऊ."

परवाच्या रविवारी गेलो. हाताने चाचपत ह्यांनी डावं दार उघडलं, बसले, पट्टा लावला. गॅलरीतून कुंदाताईंनी विचारलं, "काय श्रीकांतराव, आज डावीकडे?"

"हो," हे मोठ्याने म्हणाले. "उजवीकडे बसून फार वर्षं फुकट घालवली."

वाटेत छान बोलत होते. टोलनाक्यापाशी गिअर कुठला हवा ते न बघता सांगितलं, बरोबर होतं. चढ लागला तशी काच खाली केली. पाण्यावरून येणारा गार वारा गाडीत शिरला आणि ह्यांनी तोंड खिडकीकडे वळवलं.

"आलं का गं पाणी?"

"आलं."

"कसं आहे? किती उतरलंय?"

समोर ऊस भरलेला ट्रॅक्टर होता आणि पुढे आंधळं वळण. मी रस्त्यावरची नजर काढू शकत नव्हते. म्हटलं, "थांबते जरा कडेला. बघून नीट सांगते."

"नको," हे म्हणाले. "थांबवू नकोस. चालू दे."

मग मी थांबवली नाही. वळणामागून वळणं येत होती आणि मी प्रत्येक वळणावर हॉर्न देत होते. सबंध रस्ताभर हे तोंड खिडकीकडे करून बसले होते आणि मी समोर बघत होते. गाडी पाण्याच्या कडेकडेने चालली होती, आणि ते पाणी आम्हा दोघांपैकी कोणीच पाहिलं नाही.